मदत हवी आहे : धूमकेतूचा गोळा फुटतोय, गुरुवारी प्रदर्शन (सांगली)

हळदबाजार | मंगळवार, रात्री ८:४०

ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून धूमकेतूच्या गाभ्याची प्रतिकृती करतोय. काल दोनदा केला. दोन्ही वेळा वरून कडक झाला आणि पिशवीतून काढताना फुटला. आत पाणी आणि सुटे खडे. प्रमाण नेटवरच्या कृतीतलंच आहे. गुरुवारी सकाळी ९ ला आठवीची मुलं मांडणार आहेत. नेमकं काय चुकतंय ते सांगा. "थर्मोकोलचा करा" हे कृपया नको.

वाईकर_मास्तर | रात्री ८:५२

कृती पन्नास आहेत, तुमची कोणती? पाणी किती, ड्राय आइस किती, आणि तो मोजला वजनानं की भांड्यानं? लादी होती, गोळ्या होत्या की भुकटी? आणून किती वेळ झाला होता? एवढं कळल्याशिवाय नेमकं काही सांगता येणार नाही.

कराडचा_केतू | रात्री ८:५८

पीओपीचा करा. थर्मोकोल नको म्हणालात, पीओपी नको म्हणाला नाहीत. दोन भाग पीओपी, एक भाग पाणी, त्यात कोळशाची पूड आणि खडीची कच. दहा मिनिटांत घट्ट होतो. ६७पी धूमकेतूसारखे दोन गोळे मानेनं जोडलेले दाखवता येतात. तीन दिवस ठेवलात तरी काही होत नाही.

हळदबाजार | रात्री ९:०५

पीओपीतून वाफ निघत नाही, मुलांना तीच दाखवायची आहे.

मास्तर, पाणी अर्धा लिटर, ड्राय आइस दोन वाट्या, माती दोन चमचे, थोडा अमोनिया. गोळ्या आहेत, बोटाएवढ्या जाड. पुण्याहून आणल्यात.

दंडोबा | रात्री ९:२४

"दोन वाट्या" इथंच घोळ आहे. मूळ कृतीत दोन कप पाणी आणि दोन कप कुटलेला ड्राय आइस असतो. तो कप २४० मिलीचा. पाणी तुम्ही मिलीत मोजलंत म्हणून अर्धा लिटर बरोबर आलं, ड्राय आइस मात्र घरातल्या वाटीनं घेतलात. आपली आमटीची वाटी दीडशे मिलीची. त्यात सुट्या गोळ्या जेमतेम १३० ग्रॅम बसतात, म्हणजे दोन वाट्यांत २६० ग्रॅम.

आता हिशोब बघा. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून शून्यावर आणायला ५२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, गोठवायला आणखी १६७. एकूण २१९. ड्राय आइसची वाफ होताना किलोमागे ५७१ किलोज्यूल ओढले जातात. म्हणजे एक कणही वाया गेला नाही तरी ३८५ ग्रॅम लागतो. प्रत्यक्षात बराच गारवा धुक्याबरोबर उडून जातो, म्हणून दुप्पट धरायचा. शिवाय गोळा तयार झाल्यावर आत थोडा उरला पाहिजे, नाहीतर फवारे येणार कुठून? अर्धा लिटरला एक किलो घ्या.

सज्जनगड_पायथा | रात्री ९:३१

वजन दुप्पट केलं तरी बोटाएवढ्या गोळ्यांनी तो फुटणारच. प्रत्येक गोळीभोवती पाण्याचं कवच गोठतं, त्यानंतर गोळीचा गारवा पलीकडच्या पाण्याला पोचत नाही. मधे पाणी तसंच राहतं, गोळ्या एकमेकींना धरत नाहीत. तुमचे "सुटे खडे" म्हणजे तेच. जाड गोणपाटात किंवा जुन्या जीन्सच्या पायात भरून हातोड्यानं कुटा, इडलीच्या रव्याइतका बारीक करा. मिक्सरमध्ये अजिबात नको. झाकण लावलेल्या भांड्यात वायू साठतो आणि उणे ७८ अंशांना प्लास्टिक काचेसारखं तडकतं.

आणि हो, कृतीत गोडसर सेंद्रिय पदार्थ पण असतो. तो घातला नाहीत का?

हळदबाजार | रात्री ९:३८

घातलाय की. कॉर्न सिरप इथं कुठं मिळणार, म्हणून काकवी घातली. एक वाटी.

वाईकर_मास्तर | रात्री ९:४४

अहो, हे आधी सांगायचं! कृतीत एक चमचा असतो. वाटीभर काकवीत सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर गेली. गोळा घट्ट न होण्याचं खरं कारण हेच.

दंडोबा | रात्री ९:५१

मास्तर, असहमत. तेवढ्या साखरेनं अर्ध्या लिटरचा गोठणबिंदू दीड-दोन अंशांनी उतरतो. समोर उणे ७८ अंशांचा पदार्थ असताना दोन अंशांनी काय फरक पडतो? कमी पडला तो ड्राय आइस.

वाईकर_मास्तर | रात्री १०:०२

गोठणबिंदू सुरुवातीचा दोन अंशांनी उतरतो हे मान्य. पण गोठताना बर्फाचा स्फटिक साखरेला आत घेत नाही. जसजसं पाणी गोठतं तसतसा उरलेला पाक दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. शेवटी दोन स्फटिकांच्या मधे चिकट पाक राहतो. कुल्फी दगडासारखी होत नाही ती याचमुळे. थंडावा मुळात कमी असेल तर हा पाक गोठतच नाही आणि सांधा कच्चा राहतो. दोन्ही चुका एकमेकींना पूरक ठरल्या, एवढंच.

काकवी ठेवा मात्र. धूमकेतूत सेंद्रिय रेणू असतात हे मुलांना सांगायला तिच्यासारखी वस्तू नाही. स्टारडस्ट यानानं २००६ मध्ये आणलेल्या धुळीत आणि पुढे रोझेटा यानाला ६७पीभोवतीच्या वायूत ग्लायसिन मिळालं. ते प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. पण एक चहाचा चमचा, वाटी नव्हे.

पाचगणी_टेबललँड | रात्री १०:१०

धूमकेतू बघायचा असेल तर महागडी दुर्बीण घेऊ नका, १०×५० ची द्विनेत्री पुरे. धूमकेतू पसरट आणि अंधुक असतो, त्याला मोठं दृश्यक्षेत्र लागतं, जास्त वर्धन नव्हे. सांगलीकरांनी दंडोबाच्या डोंगरावर जावं, मिरजेचा उजेड पाठीशी राहील अशी जागा धरावी. हॅले २०६१ च्या जुलैत परत येतोय.

हळदबाजार | रात्री १०:१४

दुर्बिणीचं मी विचारलेलं नाही हो. माझ्याकडं आता १ किलो १०० ग्रॅम उरलाय. रविवारी संध्याकाळी ३ किलो आणलेला. उद्या पुन्हा प्रयोग करू का?

दंडोबा | रात्री १०:२०

नको! काल दोन गोळ्यांत मिळून अर्धा किलो गेला, बाकीचा हवेत गेला. थोडा माल असला की रोज तिसरा हिस्सा तरी उडतोच. गुरुवारी सकाळी तुमच्या हातात पाऊण किलो आला तर नशीब, पाचशे ग्रॅम धरून चाला. ठेवलाय कशात?

हळदबाजार | रात्री १०:२३

थर्मोकोलच्या खोक्यात, वरून टेप मारून. फ्रीजरमध्ये.

सज्जनगड_पायथा | रात्री १०:२५

टेप आत्ता काढा. आधी टेप, मग पुढचं वाचा. एक किलोची वाफ म्हणजे सुमारे साडेपाचशे लिटर वायू. त्याला बाहेर पडायला फट पाहिजे, नाहीतर खोकं फुटतं. फ्रीजरचा उपयोग नाही. तो उणे १८, म्हणजे ड्राय आइसच्या मानानं भट्टीच. शिवाय वायू बंद जागेत साठतो. खोकं हवेशीर पडवीत ठेवा. झोपायच्या खोलीत नको, गाडीच्या बंद डिकीत नको. गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, खोक्यात मोकळी जागा राहील तिथं कागदाचे बोळे कोंबा, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवा. झाकण नुसतं ठेवायचं.

वर्गाचंही बघा. ६ × ५ × ३ मीटरच्या खोलीत ९०,००० लिटर हवा. एक किलो उडाला की कार्बन डायऑक्साइड ०.६ टक्क्यांनी वाढतो. कामाच्या जागी दिवसभरासाठी ०.५ टक्के ही मर्यादा धरतात. खिडक्या-दारं सताड उघडी ठेवा. वायू जड असतो, खाली साचतो, म्हणून गोळा टेबलावर ठेवा, पाचवी-सहावीची पोरं वाकून बघतील असा जमिनीवर नको. हातमोजे चामड्याचे किंवा जाड लोकरीचे घ्या, दवाखान्यातले पातळ रबरी नकोत. अमोनिया सोडून द्या. खऱ्या धूमकेतूत तो पाण्याच्या एक टक्का किंवा त्याहून कमी असतो, आणि वर्गात कुणी ब्लीचिंग पावडरीजवळ सांडला तर विषारी वायू होतो.

कृष्णाकाठ | रात्री १०:४८

पाचशे ग्रॅममध्ये पाणी गोठवत बसूच नका. गोळेवाल्याकडून बर्फाचा किस आणा. पाणी आधीच गोठलेलं असेल तर ड्राय आइसचं निम्म्याहून जास्त काम आधीच झालेलं असतं. आणि निसर्गातही असंच घडलं. धूमकेतूतलं पाणी कधी ओतलेलं नव्हतं. सूर्याच्या जन्मावेळी त्याच्याभोवती असलेल्या वायू-धुळीच्या तबकडीत, हिमरेषेच्या (जिथून पुढे पाणी गोठलेलंच राहतं) पलीकडे, धुळीच्या कणांवर वाफ थेट हिम होऊन बसली आणि ते कण हळूहळू चिकटत गेले. म्हणून ६७पीची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी, ०.५३, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश पोकळी. पाणी ओतून केलेला गोळा म्हणजे गारगोटी होते.

दंडोबा | रात्री १०:५५

किस चिकटत नाही. कोरडा किस आणि कोरडी भुकटी दाबली की हातात भुसाच येतो. पाण्याचा सांधा लागतोच.

कृष्णाकाठ | रात्री ११:०९

लागतो, पण शंभर मिलीचा, पाचशेचा नाही. प्रमाण लिहून घ्या. किस ५०० ग्रॅम, निथळलेला. ड्राय आइसची भुकटी २५० ग्रॅम. खडी क्रशरवरची बारीक कच १५० ग्रॅम, कोळशाची पूड एक मोठा चमचा, काकवी एक छोटा चमचा. फ्रीजमधलं गार पाणी १०० मिली, स्प्रेच्या बाटलीत.

कोळसा थेट टाकू नका, तो पाण्यावर तरंगतो आणि एका बाजूला गोळा होतो. आधी काकवीत घोटा, मग ते मिश्रण कचेत चोळा. घमेल्यात जाड प्लास्टिकची पिशवी दुहेरी पसरा. आधी किस आणि कच एकत्र, मग भुकटी तीन हप्त्यांत, दर वेळी लाकडी उलथन्यानं खालून वर. एकदम टाकलीत तर तळ गोठून बसतो. शेवटी पाणी फवारत फवारत हलवा. मिश्रण ओल्या वाळूसारखं मुठीत धरायला लागलं की थांबा, पाणी उरलं तरी. मग पिशवीची टोकं गोळा करून बाहेरून मिनिटभर दाबा. पिशवीला गाठ मारू नका. उघडून वरून पुन्हा कोळसा भुरभुरा, कारण हवेतली आर्द्रता गोठून गोळा पाच मिनिटांत पांढरा पडतो आणि खरा धूमकेतू डांबरासारखा काळा असतो. जोत्तो यानानं १९८६ मध्ये हॅले जवळून पाहिला तेव्हा तो पडणाऱ्या प्रकाशातला चार टक्केच परत फेकत होता.

वाईकर_मास्तर | रात्री ११:२०

कच ही सूचना फार चांगली. आपल्या काळ्या दगडात पायरॉक्सिन हे खनिज असतं आणि धूमकेतूच्या धुळीतही पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन आहेत. काळी माती मात्र घालू नका. ती पाणी पिऊन फुगते, चिखल होतो. मुलांनी एवढं ध्यानात ठेवावं की आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि धूमकेतूचा माल साडेचारशे कोटी वर्षांहून जुना. खनिजाचा प्रकार तोच, वय नव्हे.

कराडचा_केतू | रात्री ११:२६

पण धूळ १५० आणि बर्फ ५००, हे उलटं झालं. "मळका हिमगोळा" ही खगोलशास्त्रज्ञ व्हिपलची १९५० ची कल्पना. रोझेटानंतर बरेच जण उलट म्हणतात, की बर्फापेक्षा धूळ जास्त. निम्मी कच घाला.

कृष्णाकाठ | रात्री ११:३३

विज्ञान बरोबर, गोळा टिकणार नाही. एक तृतीयांशावर कच गेली की बर्फाचे कण एकमेकांना भेटत नाहीत आणि सांधा सुटतो. प्रमाण तक्त्यावर लिहा, गोळ्यात नको.

पाचगणी_टेबललँड | रात्री ११:४०

अवांतर : पृथ्वीवरचं पाणी धूमकेतूंनीच आणलं ना?

वाईकर_मास्तर | रात्री ११:५२

परीक्षक हे विचारतीलच, म्हणून अवांतर नाही. जड हायड्रोजनचं साध्या हायड्रोजनशी प्रमाण बघतात. आपल्या समुद्रात ते दहा लाखांत सुमारे १५६. हार्टली-२ धूमकेतूत १६१, म्हणजे जवळजवळ तेच. ६७पीत रोझेटाला ५३० मिळालं, तिपटीहून जास्त, आणि धूमकेतूंचा दावा मागे पडला. २०२४ मध्ये तीच मोजणी पुन्हा तपासली तेव्हा यानाजवळच्या धुळीमुळे आकडा फुगल्याचं दिसलं. मुलांनी "काही धूमकेतूंचं पाणी जुळतं, लघुग्रहांचंही जुळतं" एवढं म्हणावं. "धूमकेतूंनीच आणलं" असं ठासून म्हणू नये.

दुसरा प्रश्न येईल शेपटीचा. तुमचं धुकं टेबलावरून खाली वाहील, ती शेपटी नव्हे. ते हवेतल्या बाष्पाचे थेंब आहेत. शेपूट सूर्याच्या उलट दिशेला असते, धूमकेतू कुठंही चालला असला तरी. बाजूनं हेअर ड्रायर गार हवेवर लावा आणि "हा सूर्य" म्हणा. गरम हवेवर लावलात तर फवारे जोरात दिसतात, पण गोळा लवकर जातो.

हळदबाजार | गुरुवार, दुपारी २:१५

किसाचा केला. सकाळी ड्राय आइस ४८० ग्रॅम निघाला, २५० वापरला. पाणी ९० मिली लागलं. पिशवीतून अखंड निघाला. व्यास १२ सेंमी, वजन ६९० ग्रॅम. सव्वानऊ ते साडेअकरा फवारे दिसत होते, मग एका बाजूनं भेग गेली. पाण्याचा प्रश्न खरंच विचारला, मुलींनी दोन्ही आकडे सांगितले. सगळ्यांचे मनापासून आभार. उरलेल्या ड्राय आइसचं काय करू?

दंडोबा | दुपारी २:३०

म्हणजे घनता ०.७६ आली. ओतीव पाण्याच्या गोळ्यानं एवढी कमी आली नसती. कृष्णाकाठ, किसाबद्दल माझं चुकलं.

उरलेला उघड्यावर ठेवा, आपोआप उडेल. बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तडकतो.

कृष्णाकाठ | दुपारी २:४१

गोळा वितळल्यावर घमेल्यात कच आणि कोळशाचा काळा थर उरेल, तो टाकू नका. खऱ्या धूमकेतूवरही पृष्ठभागाजवळचा बर्फ उडाला की धुळीचं कवच उरतं आणि खालचा बर्फ झाकतं. फवारे बंद पडले की तो लघुग्रहासारखा दिसायला लागतो. थर वाळवा आणि बरणीत भरून "विझलेला धूमकेतू" म्हणून उद्या त्याच टेबलावर ठेवा. प्रदर्शन दोन दिवसांचं असेल तर.

हळदबाजार | दुपारी २:४४

तीन दिवसांचं आहे. सांगायचं राहिलं.