झिपलाइन: घाबरटांचे आणि सावधांचे अनुभव येऊ द्या

शेवंती

डिसेंबरात जोधपूरला चाललोय. मेहरानगड किल्ल्यावरची झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून घसरत पलीकडे जायचा प्रकार, करायचीच असं लेकीने जाहीर केलंय, वर "आई, तूपण" हेही ठरवून टाकलंय. मी सरकत्या जिन्यावरसुद्धा आधी कठडा धरून मग पाय टाकणारी बाई. त्यामुळे "काही नसतं गं, दे सोडून" छापाचे सल्ले नकोत, ते घरात फुकट मिळतात. ज्यांना खरोखर भीती वाटते त्यांनी झिपलाइन केली असेल, किंवा वरपर्यंत जाऊन केली नसेल, तर सविस्तर लिहा. सगळ्यात वाईट क्षण कोणता? आधी काय विचारलंत? जागा भारतातली, परदेशातली, कुठलीही चालेल.

कासवछाप

जोधपूरचंच सांगते. नणंदेच्या आग्रहाखातर गेले होते. सुरुवात चोकेलाव बागेच्या बाजूने होते. आधी हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, चढवतात, हेल्मेट देतात आणि जमिनीलगत थोडा सराव करून घेतात. पाय कसे ठेवायचे, समोरचा माणूस हाताने करेल त्या खुणेचा अर्थ काय, मध्येच थांबलात तर काय करायचं, सगळं. माझ्यासारखीने हा भाग कान देऊन ऐकावा. आमच्या गटातले दोघे तेवढ्या वेळात सेल्फी काढत होते, मला त्यांचीच जास्त भीती वाटली.

एकूण सहा तारा आहेत आणि मधेमधे थोडं चालावं लागतं. हे चालणं मला फार उपयोगी पडलं, कारण श्वास जागेवर येतो. शिवाय बघायलाही खूप आहे. राव जोधाने १४५९ मध्ये किल्ला उभारायला घेतला तो ज्या खडकावर, त्याच ज्वालामुखीय खडकावर खाली राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिथे माजलेली विलायती बाभूळ खणून काढून मूळची वाळवंटी झुडपं पुन्हा लावली आहेत. राणीसर आणि पदमसर ही तळीही दिसतात. तटबंदी इतक्या जवळून आणि अशा कोनातून पायी फिरणाऱ्याला बघायलाच मिळत नाही.

वाईट क्षण म्हणशील तर पहिल्या तारेवर पाय उचलण्याआधीचा. हार्नेसवर भार टाकून बसा, असं ते सांगतात आणि आपले पाय काही जमीन सोडत नाहीत. मी त्या मुलाला म्हटलं, "भैया, धक्का मत देना." त्याने दिला नाही, थांबला. मागे रांग असूनही थांबला, हे मला फार आवडलं. एकदा भार पट्ट्यांवर गेला, मांड्यांना त्या काचल्या, की शरीराला पटतं की आपण धरलेले आहोत. मग पुढच्या तारांवर मी चक्क डोळे उघडे ठेवले.

फुलपाखरू४२

नावातला आकडा वजनाचा समजा. :) सगळे म्हणतात हलक्या माणसाला बरं, पण उलटं आहे. समोरून वारा आला आणि मी पलीकडे पोचायच्या आधीच थांबले, मग थोडी मागे सरकले आणि मधल्या झोलात वाळत घातलेल्या चादरीसारखी लटकून राहिले. खाली दरी. जागेचं नाव लिहीत नाही. आधी सांगितलेलं आठवलं म्हणून निभावलं: पाठ पलीकडच्या टोकाकडे करायची आणि तार हाताने ओढत उलटं सरकायचं. थोडं जमलं, मग एक जण तारेवरून आला आणि त्याने ओढून नेलं. गंमत म्हणजे लटकल्यावर भीती गेली. जे व्हायला नको होतं ते झालं आणि तरी काही झालं नाही, असा काहीतरी हिशेब डोक्यात झाला असावा.

दोरखंड

मी डोंगरात दोर लावणारा माणूस, त्यामुळे थोडं यंत्राबद्दल. फुलपाखरूंचं बरोबर आहे. वजनाच्या मानाने हवेचा अडथळा जड माणसाला कमी जाणवतो, म्हणून तो जोरात जातो आणि हलका मध्येच अडकू शकतो. म्हणूनच वजनाला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा असतात. काट्यावर उभं करतात तेव्हा लाजू नका, खोटं तर अजिबात सांगू नका.

घाबरणारे लोक "तार तुटली तर?" हेच विचारतात. नीट निवडलेली, वेळच्या वेळी तपासलेली पोलादी तार सहसा तुटत नसते. माझं लक्ष दुसरीकडे असतं. पुली तारेवर बसवल्यावर हार्नेसपासून एकच जोडणी आहे की दुसरी राखीव आहे? कॅराबिनरचं, म्हणजे जोडणीच्या धातूच्या कडीचं, लॉक फिरवून बंद केलं का? सोडणाऱ्याने एकदा बघितल्यावर दुसऱ्या कोणी हात लावून तपासलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पलीकडचा माणूस वॉकी-टॉकीवर "तयार" म्हणाल्याशिवाय इकडून सोडत नाहीत ना? आधीचा माणूस तारेवर असताना पुढचा सोडणं आणि ब्रेक नीट न लागणं, हे खरे धोके. थांबवायची मुख्य व्यवस्था चुकली तर दुसरी काय आहे, हे बेधडक विचारा. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्या तारेवर जाऊ नका.

महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणीचा कागद मागायला संकोच कशाला? फार्महाउसवर दोन झाडांना नायलॉनचा दोर बांधून त्याला झिपलाइन म्हणणारे बघितलेत, तिथे मी माझ्या शत्रूलाही पाठवणार नाही.

वाळूतला मावळा

शारजात राहतो. इथे अमिरातीतच रास अल खैमाला जबल जैस डोंगरावर २०१८ मध्ये सुरू झालेली झिपलाइन गिनेस विक्रमातली, लांबी २.८ किलोमीटरच्या वर. सुरुवात समुद्रसपाटीपासून १,६८० मीटरवर. तिथे बसत नाहीत, पोटावर आडवं झोपवतात, डोकं पुढे. ऐकायला भयानक, पण घाबरटाला हाच प्रकार सोपा असं माझं मत. कारण तुम्हाला काहीच करायचं नसतं. पाय उचलायचा नाही, ब्रेक लावायचा नाही, मोजून तीन म्हणायचं नाही. ते सोडतात, तुम्ही जाता. ताशी शंभराच्या पुढे वेग, कानात फक्त वारा, खाली तांबडे-करडे उघडे डोंगर.

माझी खरी फजिती पुढे झाली. ही तार संपते ती जमिनीवर नाही, तारांवरच टांगलेल्या एका मंचावर. तिथे तुम्हाला उभं करून दुसऱ्या तारेला जोडतात. सुसाट येताना न घाबरलेला मी त्या मंचावर मात्र कठडा सोडेना. बायको मागून आली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "यांना आधी पाठवा, नाहीतर हे इथेच संसार मांडतील."

माहेरवाशीण

नेपाळात पोखऱ्याला आईला घेऊन गेले होते. सारंगकोटवरून खाली हेमज्याकडे येते ती, साधारण १.८ किलोमीटर लांब आणि ६०० मीटर उतार. खुर्चीसारख्या पट्ट्यांत बसवतात, त्यामुळे आईला सोयीचं झालं. रक्तदाबाच्या गोळीचं तिने स्वतःहून सांगितलं, त्यांनी विचारपूस करून मग हो म्हटलं. समोर माछापुच्छ्रे शिखर स्वच्छ होतं. आई खाली उतरल्यावर पहिलं वाक्य काय बोलली? "चष्मा काढायला लावला, मला डोंगर धूसरच दिसला." चष्म्याला मागून बांधायची दोरी न्या, बायांनो!

जाता जाता: नेपाळच्या डोंगरात नदी ओलांडायला 'तुइन' म्हणून तार असे, तिच्यावरून माणसं रोजची ये-जा करत, मुलं शाळेत जात. सरकारने त्याजागी झुलते पूल बांधायला घेतले. आमच्या गाडीवाल्याने लहानपणी तुइन वापरलेली. आम्ही पैसे देऊन तारेवर बसतो याचं त्याला फार हसू येत होतं.

नको रे बाबा

शेवंतीताई, न केलेल्याचा अनुभवही मागितलात म्हणून लिहितो. कोलाडला मचाणावर चढलो, हार्नेस बांधलं, खाली पाहिलं आणि "नाही" म्हणालो. पैसे परत मिळाले नाहीत. मेहुण्याने तो प्रसंग लग्नकार्यात अजून दोनदा तरी सांगितला असेल. शिडी उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड असतं, एवढं ध्यानात ठेवा. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात तेव्हा कुंडलिका नदीला भर येतो, राफ्टिंगवाले उतरतात. काठावर चहा घेत ते बघितलं. मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

शेवंती

दोरखंड, तुमचे प्रश्न लिहून घेतलेत. "नको रे बाबा", तुमचं वाचून सगळ्यात जास्त धीर आला, म्हणजे परतायचा रस्ता आहे तर. लेक अकरा वर्षांची, अंगाने किरकोळ. चालेल का? आणि फोन कुठे ठेवायचा?

कासवछाप

वयापेक्षा उंची आणि वजन बघतात, बुक करण्याआधी दोन्ही आकडे कळवून विचार. फोन चेनच्या खिशात, नाहीतर खालीच. पायात बंद बूट, ओढणी नको, केस बांधून हेल्मेटच्या आत. आणि सकाळची पहिली वेळ घे, दुपारी तिथला दगड तापतो.

दोरखंड

लेक हलकी असेल तर कधीकधी प्रशिक्षकाबरोबर जोडून नेतात. तशी सोय आहे का तेही विचारा. तुम्ही तिच्या आधी जा, नंतर नको. ती पलीकडे पोचल्यावर तुमचे पाय उचलले नाहीत तर पंचाईत.