रात्रभर पाऊस आणि पहाटे परत स्प्रिंकलर? (बागेच्या पाण्याची चर्चा)

ए-१०२: रात्रभर पाऊस पडलाय आणि पहाटे साडेपाचला बागेतले स्प्रिंकलर धो धो चालू 🤦 मी चालायला गेले ती वरून पण भिजले आणि खालून पण

सेक्रेटरी: ताई तो टायमर आहे हो, पाऊस पडला का नाही त्याला काय कळणार. माळीदादा असले की हाताने बंद करतात, ते सुट्टीवर आहेत

बी-४०३: आणि संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येणार, रहिवाशांनी पाणी जपून वापरावे 😄

सी-५०१: मी मागच्या मीटिंगलाच म्हणालो होतो की मातीत ओलाव्याचे सेन्सर टाकू. बागेत पाच सहा ठिकाणी छोट्या डब्या, आतमध्ये बॅटरी आणि एक चिप, डबीखाली मातीत पट्टी. दर पंधरा मिनिटांनी डबी जागी होते, ओलावा मोजते, बिनतारी आकडा पाठवते आणि परत झोपते. सगळे आकडे क्लब हाऊसमधल्या एका डब्यात जमा होतात आणि तो ठरवतो कुठला वाल्व उघडायचा. ओलं असेल तर टायमर कितीही ओरडू दे, वाल्व उघडणार नाही

डी-२०२ काकू: एवढा खटाटोप? मातीत बोट घालून बघा, कळतं

सी-५०१: काकू पहाटे साडेपाचला पाच ठिकाणी बोट कोण घालणार 🙏

डी-२०२ काकू: मी उठलेली असते

ई-३०१: हसू नका, काकूंचं बरोबर आहे. माझ्या शेतावर हे सगळं करून झालंय आणि पहिल्या वर्षी पार फजिती झाली म्हणून सांगतो. मी हौसेने एकच सेन्सर घेतला आणि नेमका ड्रिपरच्या, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीच्या खाली रोवला, का तर तिथे माती मऊ होती, लगेच आत गेला. झालं असं की त्याला कायम ओलंच दिसायचं, वाल्व उघडायचा पण दोन मिनिटांत बंद, आणि लाइनच्या शेवटची झाडं माना टाकायला लागली. मोबाइलवर मात्र सगळं हिरवंगार. सेन्सर खोटं बोलत नव्हता, जिथे रोवला तिथलंच तेवढं सांगत होता, वीतभर जागेचं. बाकी शेताचं त्याला काय माहीत

बी-४०३: मग किती लागतात?

ई-३०१: आकड्यापेक्षा जागा महत्त्वाच्या. उन्हातली एक, सावलीतली एक, उताराच्या वरची एक, खालची एक. ड्रिपरपासून वीतभर बाजूला, मुळं जिथे आहेत तिथे. लॉनची मुळं वरच असतात, दहा पंधरा सेंटीमीटरला रोवली तरी चालतं. झाडाजवळ मी दोन रोवतो, एक १५ सेंटीमीटरला आणि एक ४० ला. खालचा आकडा चढायला लागला की समजायचं पाणी मुळांच्या खाली चाललंय म्हणजे आपण जास्त देतोय. हे बोट घालून कळत नाही काकू, एवढं एक मान्य करा 😀

डी-२०२ काकू: ४० ला बोट नाही पोचत. मान्य

एफ-६०४: मी ऑनलाइन दोन काट्यांचा सेन्सर घेतला होता कुंडीसाठी, दोन महिन्यांत काटे गंजून काळे

सी-५०१: दादा तो रेझिस्टिव्ह. दोन काट्यांमधून करंट सोडून माती किती अडवते ते बघतो, त्या करंटनेच धातू झिजतो. शिवाय खत टाकलं की क्षार वाढतात आणि त्याला वाटतं ओलावा वाढला. आपण कपॅसिटिव्ह घ्यायचा, तो माती विजेचा भार किती धरते ते बघतो, त्याचा धातू मातीला लागतच नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक, म्हणजे भार धरायला मदत करायचा गुण, ८० च्या आसपास आणि कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५, त्यामुळे जरा ओल वाढली तरी फरक दिसतो. क्षारांचा थोडा त्रास त्यालाही होतो पण पुष्कळ कमी. फक्त त्या पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत शिरतं आणि आकडे भरकटतात, तर रोवायच्या आधी कडांना नेलपॉलिशचे दोन हात मारायचे. खरंच सांगतोय

ए-१०२: नेलपॉलिश माझ्याकडून 💅

बी-४०३: वायफाय बागेच्या टोकापर्यंत येत नाही, मला मुलाच्या ऑनलाइन क्लासमुळे पाठ आहे

ई-३०१: हा माझा दुसरा धडा. पेरणीच्या वेळी वायफायवर सगळे नोड, म्हणजे सेन्सरच्या डब्या, मस्त चालत होते, पीक कमरेएवढं झालं तसे एकेक गायब. मी बॅटऱ्या बदलत बसलो. नंतर लक्षात आलं की पानांत पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यात मुरतो, म्हणजे पीक जोमात आलं की नेटवर्क कोमात 😂 आता लोरा वापरतो, लांब पल्ल्याचा रेडिओ, त्याची फ्रिक्वेन्सी खालची, मोकळ्या जागेत किलोमीटरभर सुद्धा जातं. त्यात फोटोबिटो जात नाहीत, अगदी थोडा डेटा जातो, पण ओलावा म्हणजे दोन आकडे, अजून काय पाठवायचंय. अँटेना मात्र पिकाच्या वर काठीला बांधा

सी-५०१: आपल्याकडे झिगबी पण चालेल, ते कमी बॅटरी खाणारं बिनतारी नेटवर्क, त्यात डब्या एकमेकींचे निरोप पुढे देतात, टोकाची डबी मधलीला सांगते आणि मधली क्लब हाऊसला. पण जी निरोप पोचवते तिला जागं राहावं लागतं, म्हणजे तिची बॅटरी लवकर संपते. ती लाइटच्या खांबाजवळ ठेवून वायरने सप्लाय द्यावा. बॅटरी झोपेवरच टिकते, झोपेत मायक्रोअँप आणि वायफायवर बोलताना शंभर मिलिअँपच्या वर. कमिटीतल्या कोणीतरी म्हटलं दर सेकंदाला आकडा दाखवा, तर बॅटरी दोन चार दिवसांत आडवी. माती काय सेकंदाला बदलते?

सेक्रेटरी: ते कोणीतरी मीच होतो. आणि वाल्व उघडाच राहिला तर? रात्रभर पाणी वाहत बसलं तर शिव्या मला

ई-३०१: चांगला प्रश्न, डेमोवाले हे सांगत नाहीत. साधा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा वाल्व वीज गेली की स्प्रिंगने आपोआप मिटतो, पण उघडा ठेवायला सतत करंट लागतो, बॅटरीला परवडत नाही. म्हणून बॅटरीवर लॅचिंगवाला लावतात, उघडायला एक झटका, मिटायला एक झटका. पण उघडा असताना बॅटरी मेली की तो तसाच उघडा. म्हणून मेन लाइनवर एक साधा विजेवरचा वाल्व ठेवा, त्याला वेळेची मर्यादा, काहीही झालं तरी अर्ध्या तासाने बंद. आणि डबीकडून तासभर काही आलं नाही तर शेवटच्या आकड्यावर विसंबायचं नाही, त्या भागाला तेवढ्यापुरता जुना टायमर चालू

एफ-६०४: आणि ओलाव्याच्या किती टक्क्यांना चालू करायचं? ३० का ४०?

सी-५०१: दोन आकडे ठेवायचे, खालचा आला की चालू, वरचा आला की बंद, मध्ये अंतर. एकच ठेवला तर वाल्व दिवसभर टकटक करत बसेल. आणि पाणी सेन्सरपर्यंत मुरायला वेळ लागतो, सेन्सर ओलं म्हणेपर्यंत जास्तीचं देऊन झालेलं असतं, म्हणून पाच मिनिटं सोडायचं, वीस मिनिटं थांबायचं, मग बघायचं. पण ३० म्हणजे नक्की काय हे प्रत्येक मातीत वेगळं. चिकण मातीत ३० आकडा आला तरी झाड तहानलेलं असू शकतं, वाळूत तेवढं म्हणजे चिखल

डी-२०२ काकू: ३० म्हणजे काय मला नाही माहीत, वाफसा म्हणजे काय माहीत आहे. माती मुठीत दाबायची, गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने दाबला की फुटला पाहिजे. हाताला चिकटली तर ओल जास्त, गोळाच झाला नाही तर कोरडी. पाणी मुरलेलं असतं आणि मातीत हवा पण असते, तेव्हा मुळं खूश

ई-३०१: 🙏🙏 हेच. लॅबमध्ये ओल्या मातीचं वजन करतात, १०५ डिग्रीला वाळवून परत वजन करतात आणि त्यावरून आकडा बसवतात. आपल्याला एवढं नको. काकू जिथे म्हणतील वाफसा आला तिथला सेन्सरचा आकडा लिहून घ्यायचा, तो झाला वरचा. जिथे म्हणतील आता पाणी द्यायला हवं तो खालचा

सी-५०१: म्हणजे काकूंचं बोट सॉफ्टवेअरमध्ये 😄 मी गेल्या महिन्यात कुंडीत लावलेल्या सेन्सरचा ग्राफ टाकतो, बघा. जिन्यासारखा दिसतो, दिवसा उतरतो, रात्री सपाट, परत दिवसा उतरतो. रात्री झाड जवळजवळ पाणी पीतच नाही. पाचव्या दिवशी दिवसाचा उतार पण कमी झाला, माती अजून गार लागत होती पण झाडाला पाणी ओढता येईना. पानं सुकली दुसऱ्या दिवशी

डी-२०२ काकू: पाचव्या दिवशी कळलं होतं तर पाणी का नाही घातलंस?

सी-५०१: ग्राफ बघत होतो

ए-१०२: 😂😂😂

सेक्रेटरी: बरं, आधी फक्त लॉनच्या पट्ट्यात तीन डब्या लावून बघू, वाल्वला हात लावायचा नाही, महिनाभर नुसते आकडे. आज पाऊस झालाय, चांगली वेळ आहे. स्प्रिंकलरचा टायमर मी आत्ता जाऊन बंद करतो

डी-२०२ काकू: आज नको, आज चिखल आहे. वाफसा यायला दोन दिवस लागतील. परवा सकाळी सहाला खुरपं घेऊन खाली येते, मुलांनो तुम्ही उठा म्हणजे झालं

ए-१०२: नेलपॉलिश लाल आहे, चालेल ना?