कोड सगळ्यांचा, किल्ल्या एकाच्याच: ओपन सोर्सच्या नेत्यांकडून नेमकं काय मागायचं?

अर्धविराम (धागाकर्ती)

ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या, नेत्यांचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते: त्यांनी काय लिहिलं आणि ते कसे बोलतात. मला तिसरंच विचारायचं आहे. त्यांच्या हातात काय काय आहे, आणि ते हातातून सोडायची त्यांनी काय सोय करून ठेवली आहे?

निमित्त वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या वादाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मलनवेग याने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका सुरू केली. नाव वापरून कमावतात, प्रकल्पाला परत काही देत नाहीत, ही तक्रार. त्यात तथ्य किती, हा वेगळा विषय. पण लगेचच त्या कंपनीच्या सर्व्हरना वर्डप्रेस डॉट ऑर्गचे, म्हणजे जिथून अपडेट मिळतात त्या साइटचे, दरवाजे बंद झाले. तिथे साइट ठेवलेल्या, या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांना डॅशबोर्डवरून प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) अपडेट होईनात. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइन त्याच पत्त्यावर नाव बदलून दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं. शेवटी डिसेंबरात अमेरिकेतल्या कोर्टाने तात्पुरता आदेश देऊन पूर्वस्थिती आणायला लावली.

या सगळ्यात कोडची एक ओळही बंद झाली नव्हती. कोड वापरायची-बदलायची मुभा देणारं जीपीएल लायसन्स जागच्या जागी होतं. फक्त ते डोमेन एका माणसाच्या वैयक्तिक मालकीचं होतं.

फोर्क करा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढा, म्हणणं सोपं आहे. फोर्क केल्यावर हातात कोड येतो. डोमेन येत नाही, ट्रेडमार्क येत नाही, पॅकेज रजिस्ट्रीतलं (तयार सॉफ्टवेअर जिथून उतरवतात तिथलं) खातं येत नाही, रिलीजवर (नव्या आवृत्तीवर) सही करायची डिजिटल किल्ली येत नाही, आणि जगभरची मशीन अपडेटसाठी ज्या पत्त्यावर जातात तो पत्ताही येत नाही. ओपनऑफिस हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर सोडून बाहेर पडलेल्यांनी २०१० मध्ये त्याच्या मालक ओरॅकल कंपनीकडे ते नाव मागितलं होतं. मिळालं नाही, म्हणून लिब्रेऑफिस हे तात्पुरतं ठेवलेलं नावच कायम झालं. आज खरं काम तिथे चालतं, पण जुन्या नावाने शोधून जुनंच डाउनलोड करणारे अजूनही भेटतात.

माझं म्हणणं असं: प्रकल्पावर लोक विसंबायला लागले की नेत्याने या वस्तू स्वतःच्या नावावरून काढून संस्थेच्या नावावर कराव्यात. निर्णय कोण घेणार आणि त्याला हटवणार कोण, हेही लिहून ठेवावं. जो हे करत नाही त्याला मी मालक म्हणेन, नेता म्हणणार नाही.

---

रूट

असहमत, आणि ठामपणे.

तुमच्या कसोटीवर लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स मालक ठरतो. 'लिनक्स' हा ट्रेडमार्क त्याच्याच नावावर आहे. का आहे तेही सांगतो. ९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका तिऱ्हाइताने तो स्वतःच्या नावावर नोंदवून टाकला होता. कायदेशीर भांडण होऊन १९९७ मध्ये तो लिनसकडे आला. तेव्हा एक विश्वासाचा माणूस समोर होता, म्हणून नाव वाचलं.

दुसरं म्हणजे 'नाही' म्हणायचं काम. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रत्येक आवृत्तीत आधी दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल आत घ्यायची मुदत) असते, मग आरसी-वन, म्हणजे पहिली चाचणी आवृत्ती, येतं, आणि तिथून पुढे फक्त दुरुस्त्या घ्यायच्या, नवीन फीचर नाही. नियम साधा आहे, पण पाळायला लावणं महाकठीण. बीकॅशएफएस या फाइलसिस्टिमवरून (डिस्कवर फाइली ठेवायच्या व्यवस्थेवरून) हाच वाद वारंवार पेटला: आरसीच्या काळात आलेला बदल दुरुस्ती म्हणायचा की नवीन काम? मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारा, म्हणतो, माझ्या वापरकर्त्यांचा डेटा वाचवायला हे आत्ताच हवं. लिनस म्हणतो, विंडो संपली. अखेर २०२५ मध्ये ६.१७ ला ती फाइलसिस्टिम बाहेरून सांभाळली जाणारी ठरली आणि ६.१८ मध्ये कर्नलमधून काढून टाकली. तुम्हाला निर्णय पटो न पटो, कुणी घेतला हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याची उत्तरं तोच देतो.

हीच गोष्ट पाच कंपन्यांच्या पाच प्रतिनिधींच्या समितीकडे गेली असती तर? प्रत्येकाच्या कंपनीचं काहीतरी अडकलेलं असतं. आज मी तुझं घेतो, उद्या तू माझं घे. वापरकर्त्याचा चालू प्रोग्राम कर्नलच्या बदलाने मोडता कामा नये, हा आग्रह इतकी वर्षं टिकला तो एका हट्टी माणसामुळे.

---

स्रोतस्विनी

रूट, लिनसचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवायचं साधन, त्याने एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं आणि जुलैत जुनिओ हमानोकडे सोपवलंही. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या बोलण्याबद्दल माफी मागून तो काही आठवडे बाजूला झाला, तर कर्नलचं ४.१९ ग्रेग क्रोआ-हार्टमनने बाहेर काढलं. काही अडलं नाही. म्हणजे सोडता येतं, हे त्यानेच दाखवून दिलंय.

आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बघा. जुलै २०१८ मध्ये पीईपी ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या भांडणाला कंटाळून तिचा जनक गिडो व्हान रॉसम पायउतार झाला. वारस नेमणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा, असं सांगून. कोअर डेव्हलपरांनी कारभाराचे सात वेगवेगळे प्रस्ताव मांडले, मतदान घेतलं, आणि पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल निवडली. एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत, म्हणजे तुमच्या 'आज मी, उद्या तू'चा बंदोबस्त तिथे लिहूनच ठेवलाय. पहिल्या कौन्सिलवर गिडो स्वतः निवडून आला, पुढच्या वेळी नव्हता. भाषा चालूच आहे.

---

रूट

चालू आहे, मान्य. पण २०२४ मध्ये त्याच कौन्सिलने टिम पीटर्सला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पायथनमध्ये ज्याच्या नावाने टिमसॉर्ट ही यादी क्रमाने लावायची पद्धत आहे तो हा माणूस. आरोपांच्या यादीवर समाजात उभी फूट पडली. मी इथे निकाल बरोबर की चूक ते सांगत नाही. माझा मुद्दा असा की एका माणसाने केलं असतं तर त्याला आपण जाब विचारला असता. समितीत जबाबदारी पाच जणांत वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला पुरती येत नाही.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचंही तेच. दरवर्षी नेता निवडतात, १९९८ पासून घटना आहे, सगळं आदर्श. तरी सिस्टिमडी या, मशीन सुरू होताना बाकी प्रोग्राम चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रश्नावर फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार पडले आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने निकाल लागला. वर्ष संपायच्या आत त्या समितीतल्या दिग्गजांनी राजीनामे दिले, आणि बाहेर पडलेल्यांनी देवुआन हा फोर्क काढला. घटनेमुळे भांडण टळत नाही, फक्त लांबतं.

---

अर्धविराम

भांडण टळावं अशी माझी अपेक्षाच नाही. डेबियनमध्ये एवढा मोठा वाद होऊनही दुसऱ्या दिवशी कुणाचे अपडेट बंद पडले नाहीत. हरलेल्या बाजूच्या वापरकर्त्यांना सर्व्हरवरून हाकललं नाही. तिथल्या घटनेत सुरुवातीलाच लिहिलंय की या घटनेमुळे कुणावरही काम करायचं बंधन येत नाही. नेता निवडून आला तरी कुणाला हुकूम सोडू शकत नाही. मला हवाय तो नेता असा.

ट्रेडमार्कबद्दल मात्र तुमचा मुद्दा वजनदार आहे. कुणाच्याच नावावर नसलेली गोष्ट पहिला येईल तो उचलतो.

---

पॅच पाठवा

इथे सगळे मोठमोठ्या प्रकल्पांवर बोलताय. मी कोडची एक छोटी लायब्ररी सांभाळतो, ती दुसऱ्या कितीतरी पॅकेजांच्या पोटात बसलेली आहे. मला कुणी नेता म्हणत नाही. पण अर्धविराम म्हणतात त्या सगळ्या किल्ल्या माझ्या लॅपटॉपवर आहेत.

त्यांना विचारायचंय: किल्ल्या देऊ कुणाला?

एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काय झालं ते आठवा. लासे कॉलिन एकट्याने ते वर्षानुवर्षं सांभाळत होता. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर अनोळखी नावं उगवली: पॅच (सुचवलेले बदल) किती दिवस पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने शांतपणे उत्तर दिलं की हे बिनपगारी छंदाचं काम आहे. त्याच काळात जिया टान नावाने कुणीतरी चांगले पॅच पाठवत होतं, मदत करत होतं, तक्रार करत नव्हतं. हळूहळू त्याला कमिटचा, म्हणजे कोड थेट बदलायचा, हक्क मिळाला, मग रिलीजचाही. आणि ५.६.० व ५.६.१ मध्ये मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) बसवलं गेलं. २९ मार्च २०२४ ला ते जगापुढे आलं, तेही अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय हे खटकलं म्हणून.

लासेने तुम्ही म्हणता तेच केलं होतं. एकट्याच्या हातात ठेवू नका, वाटून द्या. त्याने वाटलं.

मलाही असे मेल येतात. 'अजून मर्ज का नाही?' इथपासून 'प्रकल्प मेला का?' इथपर्यंत. एक्सझेडच्या आधी अशा मेलने मला अपराधी वाटायचं. आता पाठवणाऱ्याचं खातं किती जुनं आहे ते आधी बघतो. मदत करायला आलेल्या प्रामाणिक नवख्याकडेही मी संशयाने बघतो. हे मला अजिबात आवडत नाही, पण दुसरा मार्ग सुचत नाही.

---

शेवटचा कंस

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. चळवळीचे नेते म्हणून आपण ज्यांची नावं घेतो ते भाषणं देणारे, घोषणापत्रं लिहिणारे. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली, १९८९ मध्ये जीपीएल दिलं. ते ऋण मोठंच आहे. पण २०१९ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि २०२१ मध्ये तो संचालक मंडळावर परतल्याचं जाहीर झालं, तेव्हा विरोधात आणि बाजूने अशा दोन्ही खुल्या पत्रांवर हजारो सह्या पडल्या. तेवढी शक्ती इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलच्या मागे २०१४ च्या आधी लागली असती तर? हार्टब्लीड ही त्यातली मोठी त्रुटी उघडकीला आली तेव्हा अर्ध्या इंटरनेटचं कुलूप मूठभर लोक सांभाळत होते आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर येत होत्या.

पुरस्कर्ते नकोत, मेंटेनरला पगार द्या. एवढं एकच मागा.

---

स्रोतस्विनी

शेवटचा कंस, पगाराबद्दल शंभर टक्के सहमत. 'पुरस्कर्ते नकोत' याला मात्र कडाडून विरोध.

कॅरेन सँडलर वकील आहेत, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या प्रमुख. त्यांच्या शरीरात हृदयासाठी डिफिब्रिलेटर बसवलेला आहे. तो बसवायच्या वेळी त्यांनी विचारलं: यात चालणारं सॉफ्टवेअर मला बघायला मिळेल का? मिळालं नाही. स्वतःच्या छातीतल्या यंत्राचा कोड बघायचा हक्क नाही, ही गोष्ट त्या वर्षानुवर्षं व्यासपीठांवर सांगत आल्या आहेत. हे काम कर्नलमधला कुठलाही उत्तम पॅच करू शकला नसता. ओपन सोर्स कशासाठी, हे कोड न लिहिणाऱ्याला कळतं ते अशा माणसांमुळे.

पॅच पाठवा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही तिथेच आहे. ही संस्था प्रकल्पांचं पालकत्व घेते: पैसे, करार, ट्रेडमार्क तिच्या नावावर राहतात. गिट, सांबा, इंकस्केप हे प्रकल्प तिच्याकडे आहेत. तिथे अनोळखी माणसावर भरवसा ठेवायची वेळ येत नाही.

---

पॅच पाठवा

नाव आणि डोमेन ठेवायला हे चांगलं आहे, मी अर्ज कसा करायचा ते बघतो. पण रविवारी रात्री सुरक्षेची तक्रार आली की पॅच तपासून मर्ज कोण करणार? संस्था करत नाही. तिथे मी एकटाच उरतो.

---

अर्धविराम

पॅच पाठवा, एक्सझेडमधून मी वेगळं काढते. तिथे किल्ल्या वाटल्या गेल्या नाहीत, दमलेल्या माणसाकडून दबाव टाकून काढून घेतल्या गेल्या. जिया टानच्या रिलीजवर दुसऱ्या कुणाची नजर नव्हती. तयार टारबॉलमध्ये (लोक उतरवून घेतात त्या गठ्ठ्यात) रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) नसलेली बिल्डची ओळ होती. रेपो आणि टारबॉल ताडून बघणारी दुसरी व्यक्ती किंवा तशी सक्ती असती तर ती दिसायची शक्यता होती. म्हणून मर्जचा हक्क एकाला आणि रिलीजची सही दुसऱ्याला, असं असावं. दोघं एकमेकांना ओळखत नसले तरी चालेल, पण एकाने केलेलं दुसऱ्याने बघितलंच पाहिजे.

दुसरी व्यक्ती आणायची कुठून, हा तुमचा प्रश्न खरा आहे. ती आणायचं काम तुमचं नाही. तुमची लायब्ररी पोटात घालून विकणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या पगारी माणसाचे आठवड्यातले काही तास द्यावेत. नेते म्हणवणाऱ्यांनी व्यासपीठावरून हे नाव घेऊन मागावं.

---

रूट

विम हा कोड लिहायचा टेक्स्ट एडिटर आठवला म्हणून पुन्हा येतोय. ब्रॅम मूलेनार १९९१ पासून जवळजवळ एकहाती निर्णय घेत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो गेला. ख्रिश्चन ब्राबांट आणि जुन्या सहकाऱ्यांनी सूत्रं घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ९.१ आलं, ब्रॅमला अर्पण केलेलं. ना घटना होती, ना निवडणूक. वर्षानुवर्षं सोबत काम करून कमावलेला विश्वास होता. तो नियम लिहून तयार होत नाही.

तरी वर्डप्रेसबाबत तुमचं बरोबर आहे. खुद्द वर्डप्रेस २००३ मध्ये बीटू या प्रकल्पाच्या फोर्कमधून जन्मलं, कारण मूळ लेखक दिसेनासा झाला होता आणि जीपीएलमुळे दुसऱ्यांना पुढे जाता आलं. तोच रस्ता आज वर्डप्रेसच्या वापरकर्त्यांना तितका मोकळा नाही, कारण मधल्या काळात अपडेटचा एकच पत्ता तयार झाला.

तेव्हा डोमेन, ट्रेडमार्क, अपडेटचा सर्व्हर संस्थेच्या नावावर करा, इथवर मी तुमच्यासोबत आहे. कुठला पॅच आत येणार हे मात्र मतदानाने ठरवायला माझा विरोध कायम.

---

अर्धविराम

मतदान मी मागितलंच नव्हतं. 'नाही' म्हणणाऱ्याला पदावरून हटवायची लेखी सोय मागितली होती. त्यावर तुम्ही अजून बोलला नाहीत.