प्रति: रो हाऊस आणि मधला अंधार
वर कुणीतरी म्हणालंय की दोन्हीकडे कॉमन भिंती असल्या की मधल्या खोलीत दिवसा पण लाईट लावावा लागतो, तर जपानमधल्या ओसाकातलं, वास्तुकार तादाओ आंदोचं १९७६ चं सुमियोशी भागातलं रो हाऊस बघा. रुंदी जेमतेम सव्वातीन मीटर, रस्त्याकडे एकही खिडकी नाही, नुसतं काँक्रीट. पण घराचे तीन भाग करून मधला अख्खा चौक वरून उघडा ठेवलाय, उजेड वारा सगळं तिथूनच. गंमत म्हणजे बेडरूममधून बाथरूमला जायचं तर चौकातूनच, पाऊस असेल तर छत्री घेऊन :) आपल्या वाड्यांत निदान चौकाभोवती पडवी तरी असायची. पुण्यात करायचं तर वर काच टाका बुवा, पण गरम हवा निघायला जागा ठेवा नाहीतर मे मध्ये भट्टी होईल.