पाऊस, लिखाण आणि जाहिरातींची वही : तुमचे अनुभव लिहा

शुक्रवार_पेठ
परवा कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं तसं आम्ही खालच्या खोलीतलं सामान माळ्यावर चढवायला घेतलं. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितल्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट कोण बघत नाही. ट्रंकेत अण्णांची लाल कापडी बांधणीची वही सापडली. अण्णा शाळामास्तर. चौदा वर्षं त्यांनी घरातून एक छोटा दिवाळी अंक काढला. वहीत डावीकडं कथा-कवितांची यादी, उजवीकडं जाहिराती. गुजरीतले सराफ, गुळाचे अडत दुकानदार, एक पिठाची गिरणी. अर्धं पान, पाव पान, जमा, बाकी.

आषाढ लागला की अण्णा लिहायला बसायचे. कौलांवर पाऊस, कोपऱ्यात गळक्याखाली पातेलं, आणि ते गुडघ्यावर पाट घेऊन. मला वाटायचं, पावसानं सुचतं त्यांना. वही बघून कळलं की हिशेबही तसाच होता. पितृपक्षात व्यापारी नव्या कामाला पैसा सोडत नाहीत, म्हणून अनंत चतुर्दशीच्या आत जाहिराती हातात पाहिजेत, आणि अंकात काय आहे ते दाखवल्याशिवाय जाहिरात मिळत नाही. म्हणजे लिखाण श्रावणाच्या आत. तरी वहीत एके ठिकाणी पेन्सिलीनं लिहिलंय, 'आज झड. दोन कविता.' त्या ओळीपुढं हिशेब नाही.

तुमच्याकडं असं काही असेल तर लिहा. पाऊस, सण, छापलेलं, विकलेलं, काहीही.

खिळेजुळारी
ताई, रडवलंसा. मी ८४ ते ९६ छापखान्यात ट्रेडल मशीनवर होतो. पावसाळ्यात कागद सादळतो. एक रंग छापून झाला, रात्रभर गठ्ठा ठेवला की दुसऱ्या रंगाला कागद फुगलेला. एका वर्षी मुखपृष्ठावर देवीचं कुंकू भुवईवर सरकलं. पाचशे कव्हरं गेली. मालक बोलले नाहीत, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग कागदाच्या फळीखाली ६० चे बल्ब लावून ठेवायला लागलो.
आणि हिशेबाचं म्हणाल तर सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एका कागदावर एकदम छापायची पानं. ऐनवेळी पान जाहिरात आली की कुणाची तरी कथा बाहेर. सतरावं पान नसतंय. त्या माणसाला सांगायला संपादक आम्हाला पाठवायचे.

रंकाळा_फेरी
सतरावं पान नसतंय 😔 आमची कथा अशीच राहिली होती एकदा. आज कळलं का.

माळावरचा
दिवाळी अंक हे आपल्याकडंच एवढं का, तर १९०९ ला का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा काढला तिथनं सुरू. सणाला कपडे, फराळ, दागिने घ्यायचे म्हणून दुकानदाराची जाहिरात, आणि त्या जाहिरातीवर वर्षभराचं साहित्य. आता तो पैसा मोबाईलवर गेला. राग कुणावर धरायचा?

आजीची_ताटली
मी लिहिणार आहे पण दळप टाकून येते. वीज जायच्या आत.

माणगावकर
छापण्याच्या पैशाचा विषय निघालाय म्हणून. आमचे आजोबा दर मार्चला आम्हा पोरांना ओळीनं बसवून सांगायचे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' पाक्षिक निघालं, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. लगेच २१-२२ मार्चला आमच्या माणगावात बहिष्कृत समाजाची परिषद, तिथं महाराज स्वतः आले आणि लोकांना म्हणाले, तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. त्याच साली त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे ब्राह्मणेतरांचा स्वतःचा धर्मगुरू, नेमला. पंचगंगेवर महाराजांच्या कार्तिकस्नानाला मंत्र वेदोक्त (वेदांतले) की पुराणोक्त (पुराणांतले) हा वाद १८९९ चा. मंत्र कुणी कुठला म्हणायचा इथनं सुरू झालेली गोष्ट वीस वर्षांत स्वतःचा मठाधिपती आणि शोषितांचं स्वतःचं वर्तमानपत्र इथवर आली. आजोबा म्हणायचे, 'देवळाचं दार आणि छापखान्याचं दार, दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात असत्यात.' मूकनायक १९२३ ला बंद पडलं. पैसा पुरला नाही हे आठवलं की आजही माझ्या पोटात तुटतं.

कुंभारगल्लीतली
आमचं लिखाण नाही, मूर्ती. पण ऋतू तोच. शाडू पावसात वाळत नाही, वरनं कोरडी दिसते आणि बोट लावलं की आत ओली. शेगडी लांब ठेवायची, जवळ ठेवली की कानाला चीर. २०१९ ला ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा अर्धे गणपती रंगाविना होते. सासऱ्यांनी आधी डोळे रंगवून झालेल्या मूर्ती उचलल्या, डोळ्यावाल्या पाण्यात सोडवत नाहीत म्हणाले. बाकीच्यांची परत माती झाली. अ‍ॅडव्हान्स घेतलेला, तो फेडायला दोन वर्षं, तोवर परत २०२१.

रंकाळा_फेरी
वहिनी, काय बोलू. यंदा पाणी कुठवर आहे तुमच्याकडं?

कुंभारगल्लीतली
गल्लीत नाही अजून. सामान वर हलवलंय.

शिवाजी_पेठ_९
पोरं पाठवतो संध्याकाळी चार-पाच. ट्रॉली पण हाय. मेसेज करा.

बातमीवाला
किरणोत्सवाचं सांगतो. ९, १०, ११ नोव्हेंबर. संध्याकाळी मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतं, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा हवेत धूळ असली की किरण अलीकडंच विझतात. मी एका दैनिकाला बातम्या द्यायचो, मानधन छापून आलेल्या बातमीवर. एका वर्षी तिसऱ्या दिवशी किरण चेहऱ्यावर पोचले, समोरची म्हातारी हात जोडायचं विसरून नुसती बघत राहिली. तिच्यावर वीस ओळी लिहिल्या. रात्री जाहिरात आली, तीन ओळी राहिल्या, म्हातारी गेली. आता व्हिडिओ टाकतो, पैसे बघणाऱ्यांच्या संख्येवर. पण त्या वीस ओळी अजून पाठ आहेत.

माळावरचा
इथं टाका की त्या. इथं पानं मोजत नाहीत.

आजीची_ताटली
आले. चक्कीवर लाईन होती. ताई, जुने अंक करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. १८५० चं ग्रंथालय आहे, कदाचित अण्णांचा असेल. आणि एक विचारायचं होतं. वहीत पापाच्या तिकटीजवळच्या चप्पल दुकानाची नोंद आहे का? माझे वडील दर दिवाळीला 'मास्तरांच्या पुस्तकात आपलं नाव आलंय' म्हणून पान फाडून देव्हाऱ्याशेजारी लावायचे.

शुक्रवार_पेठ
थांबा, वर जाऊन बघते.
आहे. तीन वर्षं ओळीनं आहे. शेवटची नोंद : पाव पान, ७५ रुपये. जमा ४०. बाकीच्या जागी 'लेडीज जोड १, माप ५, मिळाला.'
माप ५ आईचं. तो जोड तिनं माझ्या लग्नात घातला होता.