शिक्का ८६ सालचा, कव्हर मरीनचं, आत पॅड : हे हेल्मेट नक्की कोणतं?

निळा_तंबू

नमस्कार मंडळी. लष्करी हेल्मेटं जमवायला लागून मला जेमतेम वर्ष झालंय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात एक अमेरिकन हेल्मेट घेतलं. देणाऱ्याने ‘एसीएच, इराकमधलं’ असं सांगितलं होतं, म्हणजे अमेरिकी भूदलाचं नव्या पद्धतीचं हेल्मेट. घरी आणून नीट पाहिलं तर काहीच जुळेना. पुढे कपाळावर छज्ज्यासारखी कड बाहेर आली आहे. आत वेल्क्रोवर बसवलेले सहा पॅड, हनुवटीचा पट्टा चार ठिकाणी अडकवलेला. कव्हर मार्पॅट, म्हणजे अमेरिकेच्या मरीन कोअर या लढाऊ दलाच्या बारीक चौकोनी, लपवणाऱ्या नक्षीचं; उलटसुलट घालता येतं, एकीकडून हिरवं आणि दुसरीकडून वाळवंटी. एक पॅड उचलला तर खाली फिकट अक्षरं : ‘डीएलए१००-८६-सी’, पुढचे आकडे अर्धवट पुसलेले. साइज मीडियम, वजन दीड किलोच्या जरा वर.

म्हणजे १९८६ चं? मग इराकमध्ये कसं? मी फसलोय का? पॅड काढून जुन्या पद्धतीचे आतले पट्टे बसवायचा विचार आहे. आणि पुढे भोक पाडून नाइट व्हिजनचा माउंटही लावावा म्हणतोय.

गडद_हिरवा

एसीएच नाही, एवढं नक्की. एसीएचला कपाळावरची ती कड नसते आणि कानापाशी कापही जरा वर असतो. मार्पॅट कव्हर आणि पॅड बघता मरीनचं वजनाला हलकं हेल्मेट, एलडब्ल्यूएच, वाटतंय. त्याचा आकार त्याआधीच्या पीएएसजीटी हेल्मेटसारखाच ठेवला होता.

जुनी_कड

निळा_तंबू, आधी तो ड्रिल बाजूला ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

गडद_हिरवा यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे, पण एलडब्ल्यूएच म्हणता येणार नाही. हेल्मेट ओळखताना मी कव्हर, पॅड, पट्टा सगळं मनातून काढून टाकतो आणि फक्त कवच बघतो. कवच एकदाच बनतं. बाकीच्या वस्तू त्याच्या आयुष्यात चार वेळा बदललेल्या असतात.

तुमच्या कवचावर करार क्रमांक आहे. डीएलए१०० हे खरेदी करणाऱ्या खात्याचं चिन्ह, ८६ हे वर्ष. हे अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष, म्हणजे १ ऑक्टोबर १९८५ पासूनचं. करार त्या वर्षी झाला, कवच त्यानंतरही बनलेलं असू शकतं. नव्वदच्या दशकात डीएलए१०० जाऊन एसपीओ१०० आलं. एलडब्ल्यूएच तर २००० नंतरचं. त्यामुळे तुमच्या हातात आहे ते पीएएसजीटी : केवलार या चिवट कृत्रिम धाग्याचं, पोलादी एम१ हेल्मेटची जागा घेणारं, १९८३ मध्ये ग्रेनाडा बेटावर पहिल्यांदा लढाईत दिसलेलं. आकारानुसार त्याचं वजन साधारण १.४ ते १.९ किलो भरतं, तुमचा आकडा त्यात बसतो.

आता कव्हर. मार्पॅट आलं २००२ मध्ये. उजेडात धरून बारीक चौकोनांमध्ये शोधा, गरुड, पृथ्वीगोल आणि नांगर हे मरीनचं चिन्ह नक्षीतच लपवलेलं सापडेल. एलडब्ल्यूएच आणि पीएएसजीटीचा आकार सारखा असल्यामुळे ते कव्हर तुमच्या कवचावर चपखल बसतं. एसीएचचं कव्हर चढवून बघा, पुढच्या कडेवर ओढाताण होईल.

आणि पॅड. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पीएएसजीटीत आधी नुसते पट्टे असायचे, डोकं त्या पट्ट्यांवर टांगल्यासारखं. इराकमध्ये स्फोटांनी डोक्याला होणाऱ्या इजा वाढल्यावर २००४ मध्ये ‘ऑपरेशन हेल्मेट’ नावाची धर्मादाय मोहीम सुरू झाली. देणग्या गोळा करून तिने सैनिकांना पॅडचे संच फुकट पाठवले. मरीन कोअरने स्वतः पॅडची वाट धरली ती २००६ मध्ये. तुमचे पॅड त्या मोहिमेतले की कुठले, हे मी सांगू शकत नाही. पण ८६ च्या कवचात नंतरचे पॅड दिसले म्हणून खोटेपणा ठरत नाही, त्या काळात असे बदल सर्रास होत होते. म्हणून ते काढू नका. काढलेत तर हेल्मेट ‘शुद्ध’ दिसेल, पण त्याच्या आयुष्याची वीस वर्षं तुम्ही स्वतःच्या हाताने पुसाल.

एक मोजणी करा. या पद्धतीच्या संचात सात पॅड असतात : टाळूला एक गोल, पुढे-मागे दोन समलंब, आणि चार लांबट. तुमच्याकडे सहाच, म्हणजे एक हरवलाय.

भोकाबद्दल : पीएएसजीटीला माउंट लावण्यासाठी कवच भोसकत नसत. कडेला अडकणारा ब्रॅकेट आणि डोक्यावरून मागे ताणलेला पट्टा, असा तो असतो. तोच शोधा. भोक परत बुजवता येत नाही.

शिवाय पुसलेल्या आकड्यांवर थिनर, स्पिरिट काहीही लावू नका. मी एकदा असंच ‘जरा स्वच्छ करू’ म्हणून थिनरचा बोळा फिरवला. बोळा हिरवट काळा झाला आणि उचलून पाहतो तर चार आकडे त्यावर आलेले, कवच कोरं. ते हेल्मेट अजून माझ्याकडे आहे, करार कोणता ते आता कधीच कळणार नाही. टॉर्च बाजूने अगदी तिरपा धरा आणि फोटो काढा, डोळ्याला न दिसणारी अक्षरंही पुष्कळदा फोटोत उठतात.

चौकोनी_लेबल

वरच्या माहितीत एक भर. कव्हर, पट्टा, जे मिळेल त्यावरच्या लेबलचा १३ आकडी नाटो साठा क्रमांक वाचायला शिका. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग. ८४७० आलं तर अंगावरचं चिलखत, हेल्मेटं त्यात येतात. ८४१५ म्हणजे विशेष कामाचे कपडे, कव्हरं बहुतेक त्यात. पुढचे दोन आकडे देशाचे : ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ९९ ब्रिटन. मी ब्रिटिश एमके ६ आणि एमके ७ हेल्मेटं जमवतो. ९९ दिसला नाही की मी आधी थांबतो आणि मग पुढे बघतो.

हे गाडीवर घालायच्या मोहात पडू नका. रस्त्यावर आपटण्यासाठी त्याची रचना नाही, आणि इतक्या जुन्या कवचाच्या ताकदीची खात्री कोणी देऊ शकत नाही.

निळा_तंबू

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च तिरपा धरून बसलो. आणखी तीन आकडे वाचता आले! गरुड-नांगरही सापडला, हिरव्या बाजूला, काठापासून दोन बोटांवर. कव्हरच्या लेबलवर ८४१५-०१ आहे. लांबट पॅड तीनच निघाले. चौथ्याच्या जागी वेल्क्रोची चकती रिकामी आहे, म्हणूनच डोक्यावर ते एका बाजूला कलत होतं. तेवढा एक पॅड शोधून लावला तर चालेल ना?

जुनी_कड

खुशाल लावा. फक्त कोणता पॅड तुम्ही घातला आणि कधी, ते चिठ्ठीवर लिहून कव्हरच्या आत ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला कोडं पडणार नाही. आणि ते तीन आकडे इथे टाका, माझ्याकडच्या ८६ च्या दोन कवचांशी ताडून बघतो.