मदत हवी आहे: व्हॉल्व्ह (टायरात हवा भरायची नळी) बदलू की टायरच?

मंडळी, पुढच्या आठवड्यात म्हापशाहून चोर्ला घाटाने बेळगावला जायचंय, सोबत आई-बाबा. काल सकाळी गाडी गार असताना हवा तपासली तर मागच्या डाव्या टायरात २४ पीएसआय! दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. महिन्याभरात दुसऱ्यांदा. कमी हवेने टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटते, म्हणून धास्ती. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवून पाहिला, बुडबुडा नाही. नक्षी शाबूत आहे, पण बाजूला २३१८ कोरलंय, म्हणजे टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रिमलगत (टायर बसतो त्या धातूच्या चाकालगत) टायरला केसाएवढ्या भेगाही दिसतात. (गाडी बारा महिने अंगणातच.) पंपवाला म्हणतो, "पात्रांव, गर्मेंत वारो उणोच बरो" (म्हणजे साहेब, गरमीत हवा कमीच बरी). मला काही पटलं नाही. व्हॉल्व्ह बदलून भागेल की चारही टायर काढू? इथे रिम नीट तपासणारं कोणी माहीत आहे का?